उपाली स्थविर

कपिलवस्तूचे शाक्य गणराज्याचे लोक. कारभाराचे निर्णय संथागारात बसून होत. पण तेथे बसण्याचा मान शाक्य कुळाचा. रोटीबेटीत तर ते इतके कडक, की कोसलराजा पसेनदीने मुलगी मागितली तेव्हा त्यांनी महानामाची दासीपोटी झालेली मुलगी पाठविली. अशांच्या पदरी उपाली न्हावी होता.

अनुरुद्ध, आनंद, भद्दिय असे सहा शाक्य तरुण संघात जावयास निघाले. सीमा ओलांडताच त्यांनी दागिन्यांचे गाठोडे उपालीस देऊन त्यास परत पाठविले. जन्माची ददात मिटली असती! पण उपाली थबकला. कुमारांना यानेच पळविले असे समजून शाक्य आपणास ठार करतील, हे तो जाणून होता. गाठोडे झाडास टांगून तो कुमारांच्या मागे गेला.

अनुपिय येथे कुमारांनी भगवंतांस विनविले, की उपालीस प्रथम प्रव्रज्या द्यावी. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने, जन्माने नव्हे. म्हणजे शाक्यांनी आता आपल्याच न्हाव्यास वंदन करावयाचे. कुळाचा ताठा मोडावा म्हणून त्यांनी हे स्वतः मागून घेतले, उपासक-उपासिकांनो, हे ध्यानात घ्या.

भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहास ५०० भिक्षूंची संगीती भरली. महाकाश्यपांनी आधी विनयाचे प्रश्न विचारले, ते उपालीस. आनंदाची पाळी त्यानंतर आली.