डोक्यावर खापर, हातात खराटा: गाडगेबाबांचं आयुष्य आणि वऱ्हाडातल्या उन्हात घाम-पाणी-मिठाचा हिशोब

मे महिना लागला की अकोला आणि अमरावतीची नावं बातम्यांत येतात. पारा ४५ अंशांवर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. याच मुलखात एक माणूस जवळजवळ पन्नास वर्षं पायी फिरला. दिवसभर झाडत राहिला, खणत राहिला, दगड-माती वाहत राहिला. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि सोबत मातीचं एक गाडगं. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्याला नाव दिलं, गाडगेबाबा.

बाबांनी समाजाला जी दहा कामं सांगितली, त्यात भुकेल्याला अन्न पहिलं आहे आणि तहानलेल्याला पाणी दुसरं. वऱ्हाडात हे दुसरं काम इतकं महत्त्वाचं का, ते त्यांच्या आयुष्याकडे बघितलं की कळतं.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगावला त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, घर परीटाचं. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात लवकर गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथे मामाकडे डेबूचं लहानपण गेलं. शाळा नाही, पण गुरं राखणं, नांगर धरणं, पिकाची राखण करणं हे सगळं आलं. पोहण्यातही तो तरबेज होता.

उन्हात राबणाऱ्या अशा शरीरात काय घडतं? स्नायू काम करतात तेव्हा उष्णता तयार होते. ती बाहेर टाकायला शरीर घाम सोडतं. एक लिटर घाम कातडीवर पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मातीच्या माठातलं पाणी गार होतं तेही याच कारणाने: माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळतं आणि आतली उष्णता जाते. कडक उन्हात अंगमेहनत करणाऱ्याचा तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त घाम सहज जातो.

वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात इथेच फसगत होते. मुंबईच्या दमट हवेत शर्ट भिजतो, म्हणून घाम कळतो. अकोल्याच्या कोरड्या हवेत घाम आला तसा वाळतो. माणसाला वाटतं आपल्याला फारसा घाम आलाच नाही. संध्याकाळी शर्टावर पांढरे डाग दिसतात, ते घामातलं मीठ असतं.

रोज उन्हात काम केलं तर साधारण एक ते दोन आठवड्यांत शरीर जुळवून घेतं. घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, पण त्यात मीठ कमी जातं. शेतात वाढलेल्या माणसाला ऊन सोसतं त्यामागे हे कारण आहे. मात्र सरावलेल्या माणसालाही पाणी कमी लागत नाही, उलट जास्तच लागतं.

डेबूजीचं लग्न कुंताबाईंशी झालं. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. मामा त्या धक्क्याने खचून गेले, आणि पुढे सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा डेबूजी शेतात पाय रोवून उभा राहिला. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचं जेवण अपेक्षित होतं. वडिलांचं मरण आठवणाऱ्या डेबूजीने दारू दिली नाही, गोडाचं जेवण वाढलं. दारूचा उन्हाशीही संबंध आहे. शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला दारू दाबून टाकते, लघवी वाढते आणि आधीच घामाने कोरडं पडलेलं शरीर आणखी कोरडं पडतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजीने घर सोडलं. डोक्यावर खापर, ऊन लागलं तर तीच टोपी आणि जेवायला बसलं तर तेच ताट. गावात शिरायचं, रस्ते-गटारं झाडायची, संध्याकाळी कीर्तन करायचं. फुकटचं अन्न घ्यायचं नाही, आधी काम करायचं आणि मग भाकरी मागायची. भाकरीसोबत चटणी किंवा कांदा, एवढ्यावर त्यांचं भागे.

ही राबणाऱ्याची शिदोरी साधी असली तरी उन्हासाठी नेमकी आहे. एक लिटर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे जवळपास अडीच ग्रॅम मीठ. हे प्रमाण माणसागणिक बरंच कमी-जास्त असतं. भाकरी, मिठाची चटणी, ताक यांतून ते भरून निघतं. पण कोणी चार-पाच तास काही न खाता नुसतं पाणीच ढोसत राहिला, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मग डोकं दुखणं, मळमळ, गोंधळणं आणि टोकाला झटके येतात. लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्येही हे घडतं.

बाबांच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक ऋणमोचनचं. पूर्णा नदीकाठी पौषात तिथे यात्रा भरते. नदीवर जाताना लोक चिखलात घसरत, म्हणून बाबांनी स्वतः राबून आणि लोकांना राबायला लावून १९०८ च्या सुमारास घाट उभा केला.

या पूर्णेच्या खोऱ्यात एक जुनं दुखणं आहे, खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत जमिनीखालचं पाणी खारट आहे. खोल गाळात साठलेले क्षार विहिरीत उतरतात. घामात मीठ जातं, मग खारं पाणी म्हणजे आयतं ओआरएसच की, असं कुणाला वाटेल. तसं नाही. त्या पाण्यात क्षार किती आणि कोणते याचं माप नसतं. जास्तीचे क्षार बाहेर टाकायला मूत्रपिंडाला आणखी पाणी खर्च करावं लागतं, म्हणून तहान भागत नाही. ओआरएसमध्ये मीठ मोजलेलं असतं आणि सोबत साखर असते, कारण आतड्यात साखर आणि सोडियम हातात हात घालून आत जातात आणि पाणी त्यांच्या मागे येतं. अशा मुलखात गोडं पाणी पाजणं म्हणजे जीव वाचवणं होतं.

आणि पाणी असलं तरी ते सगळ्यांना मिळत नव्हतं. अस्पृश्य मानलेल्यांना विहीर बंद, धर्मशाळा बंद. आषाढीला शेकडो मैल चालून आलेला वारकरीसुद्धा जातीमुळे पंढरपुरात उघड्यावर राही. बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती सोपवली. थकलेल्या शरीराला सावली, पाणी आणि अन्न लागतं. ते जात बघून देणं बाबांना मान्य नव्हतं.

आज उन्हात धावणाऱ्या, भरतीचा सराव करणाऱ्या किंवा शेतात-साइटवर राबणाऱ्याने काय करायचं? काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवायचं. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यायचं आणि तासाला दीड लिटरच्या पुढे जायचं नाही. काम तासाभराहून लांबलं तर मिठाचं ताक, कैरीचं पन्हं किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घ्यायचं. जुलाब-उलट्यांनी पाणी गेलं तर ओआरएसचं पाकीट उत्तम. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय असं समजायचं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

उन्हात कुणी बरळू लागला, शुद्ध हरपली, अंग तापलं, तर तोंडात पाणी ओतायचं नाही. सावलीत न्यायचं, अंगावर पाणी टाकून वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना, वलगावजवळ बाबांनी शेवटचा श्वास घेतला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. उन्हाळ्यात दाराबाहेर गोड्या पाण्याचा एक माठ ठेवला आणि कोण पितंय हे विचारलं नाही, तर त्यांनी सांगितलेल्या दहांपैकी एक काम तरी घरबसल्या होतं.