ज्ञानकोशकार केतकर आणि संदर्भाचे ऋण

महाराष्ट्राबाहेर राहून मराठीची ज्योत तेवत ठेवणाऱ्या आपणां सर्वांस एका गोष्टीचा विशेष अभिमान वाटावा. मराठीतील पहिल्या मोठ्या ज्ञानकोशाचे जनक डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म पुण्यामुंबईस नव्हे, तर तेव्हाच्या मध्य प्रांतातील रायपूर येथे, २ फेब्रुवारी १८८४ रोजी झाला. हे रायपूर आज छत्तीसगडची राजधानी आहे. मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

अमरावती व मुंबई येथील शिक्षणानंतर केतकर १९०६ साली अमेरिकेस गेले. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९११ साली कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. पुढे इंग्लंडमध्ये काही काळ राहून ते मायदेशी परतले व कलकत्ता विद्यापीठात त्यांनी काही दिवस अध्यापनही केले. एखाद्या विद्यापीठात सुखाने आयुष्य घालविणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु जगातील ज्ञान मराठी माणसास मराठीतूनच मिळाले पाहिजे, या ध्यासाने त्यांना झपाटले होते.

१९१६ साली नागपुरास ज्ञानकोश मंडळाची स्थापना झाली. राजाश्रयाची वाट न पाहता भाग विकून व वर्गणीदार मिळवून कोश काढावयाचा, ही कल्पनाच त्या काळी धाडसाची होती. त्यासाठी केतकर गावोगाव हिंडले. पुढे कार्यालय पुण्यास आले. १९२० पासून सुमारे दशकभरात एकूण २३ खंड बाहेर पडले. त्यांपैकी पहिले पाच प्रस्तावनाखंड होत. त्यांच्यामागून अकारविल्हे रचलेले शरीरखंड आणि अखेरीस सूची व पुरवणी आली.

याच १९२० साली त्यांचा विवाह जर्मन ज्यू कुळातील एडिथ कोहन यांच्याशी झाला. विवाहोत्तर त्या शीलावतीबाई झाल्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या खंडाचा त्यांनी जर्मनमधून केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने १९२७ मध्ये प्रकाशित केला. त्या ग्रंथाचा आधार घेणारे असंख्य अभ्यासक श्रीमती एस. केतकर हे नाव वाचतात. परंतु त्यामागे पुण्यातील एक गृहिणी उभी आहे, हे कितीजणांच्या ध्यानी येते?

आम्हांस जे सांगावयाचे आहे ते नेमके येथेच. आपली मुले आज देशोदेशी प्रबंध लिहितात. कोशातून माहिती घेतात आणि तळटीपेत केवळ ज्ञानकोश एवढाच शब्द लिहून मोकळी होतात. एवढ्याने वाचकाने तेवीस खंडांत काय शोधावे? नोंदीचे शीर्षक, खंडाचा क्रमांक, संपादकाचे नाव, प्रकाशनस्थळ आणि वर्ष इतके तरी दिलेच पाहिजे. वर्ष विशेष महत्त्वाचे, कारण १९२० च्या दशकातील लोकसंख्या वा विज्ञानविषयक विधान आजचे म्हणून सांगणे म्हणजे वाचकाची दिशाभूल होय. शब्दकोशाचा आधार घेताना शब्द तर द्यावाच, शिवाय त्याच्या अनेक अर्थांपैकी कोणता अर्थ घेतला तेही नोंदवावे.

आणखी एक सावधगिरी हवी. ज्ञानकोशातील प्रत्येक वाक्य केतकरांच्या लेखणीतून उतरलेले नाही. ते संपादक होते आणि त्यांच्यासमवेत सहकाऱ्यांचा मोठा समूह राबत होता. त्यांतील यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग सिद्ध केले. म्हणून निनावी नोंदीतील मत केतकरांच्या नावावर खपवू नये. तेथे संपादक म्हणूनच त्यांचा निर्देश करावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते. तेथे मात्र त्या लेखकाचे श्रेय त्यालाच द्यावे. वादग्रस्त मुद्द्यावर तर कोशापाशी न थांबता मूळ ग्रंथापर्यंत गेले पाहिजे. कोश हा ज्ञानमंदिराचा दरवाजा आहे, गाभारा नव्हे.

कोश पुरा झाला तरी केतकरांच्या वाट्यास स्वास्थ्य आले नाही. ब्राह्मणकन्येसारख्या कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या, १९३१ साली हैदराबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, १९३५ मध्ये प्राचीन महाराष्ट्र हा ग्रंथ दिला. पण आर्थिक विवंचना सुटली नाही. १० एप्रिल १९३७ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, पुण्यास त्यांचे निधन झाले.

ज्यांनी आयुष्य वेचून हे भांडार भरले, त्यांना तळटीपेची एक अचूक ओळ देणे एवढेच आपल्या हाती आहे. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांनी ती ओळ विसरू नये, हीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी आमची नम्र विनंती.