होम्सच्या जनकाची खरीखुरी शोधकथा

शेरलॉक होम्स हे नाव ठाऊक नसलेला वाचक विरळाच. मात्र होम्सला जन्म देणाऱ्या सर आर्थर कॉनन डॉयल यांनी प्रत्यक्ष आयुष्यातही दोन निरपराधांसाठी शोधकार्य केले, हे फारसे परिचित नाही.

२२ मे १८५९ रोजी एडिंबरो येथे जन्मलेल्या डॉयल यांनी तेथील विद्यापीठातच वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले. रुग्णाकडे पाहून त्याचा व्यवसाय नि सवयी सांगणारे डॉ. जोसेफ बेल हे त्यांचे गुरू. त्यांच्याच निरीक्षणशक्तीवरून होम्स साकारला. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या होम्सकथेचे सर्व हक्क डॉयल यांनी अवघ्या २५ पौंडांना विकले. १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकातील कथांनी मात्र त्यांना अफाट कीर्ती दिली. १८९३ मध्ये त्यांनी होम्सला मारून टाकले. पण वाचकांच्या आग्रहापुढे त्यांना अखेर नमते घ्यावे लागले.

१९०६ च्या अखेरीस जॉर्ज एडलजी या तरुण वकिलाची कैफियत त्यांच्यापर्यंत पोहोचली. जॉर्जचे वडील शापूरजी हे मूळचे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते स्टॅफर्डशायरमधील ग्रेट वर्ली गावी धर्मोपदेशक झाले होते. रात्री शेतात शिरून घोड्यावर शस्त्राने वार केल्याच्या आरोपावरून १९०३ मध्ये जॉर्जला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी सुटका झाली, पण माथ्यावरचा कलंक कायम राहिला.

भेटीच्या वेळी जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांजवळ तिरपे धरून वाचत असल्याचे डॉयल यांनी दुरूनच हेरले. नेत्रचिकित्सेचा अभ्यास केलेल्या या डॉक्टरला तेवढे पुरेसे होते. ज्याला दिवसाही धड दिसत नाही, तो काळोख्या रात्री शेते तुडवत जाईल कसा? त्यांनी घटनास्थळ पाहिले, पुरावे तपासले आणि जानेवारी १९०७ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’मध्ये लेख लिहून खळबळ उडवून दिली. त्याच वर्षी सरकारने जॉर्जला माफी दिली. नुकसानभरपाई मात्र नाकारली. इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालयाची स्थापना झाली तीही १९०७ मध्येच. त्यामागे या प्रकरणाचाही वाटा होता.

दुसरे प्रकरण खुनाचे. डिसेंबर १९०८ मध्ये ग्लासगो येथे मॅरियन गिलख्रिस्ट या वृद्धेची राहत्या घरी हत्या झाली. हिऱ्यांचा एक ब्रोच नाहीसा झाला होता. ऑस्कर स्लेटर या जर्मन ज्यू गृहस्थाने ब्रोच गहाण ठेवल्याचे कळताच संशय त्याच्यावर गेला. तो ब्रोच वेगळाच होता, शिवाय खुनाच्या आधीच गहाण पडला होता. तरीही १९०९ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेत बदलली गेली. मारेकऱ्याने इतर दागिने तसेच सोडून कागदपत्रांची पेटी का फोडली, हा डॉयल यांचा प्रश्न होता. १९१२ मध्ये त्यांनी पुस्तिका लिहिली, पण सरकार हलले नाही. अखेर १९२७ मध्ये स्लेटर सुटला आणि १९२८ मध्ये त्याची शिक्षा रद्द ठरली. तोवर त्याच्या आयुष्याची अठराहून अधिक वर्षे तुरुंगात सरली होती.

७ जुलै १९३० रोजी डॉयल यांचे निधन झाले. कथेतला होम्स काही पानांत गुन्हेगार पकडून देतो. त्याच्या निर्मात्याला एका निर्दोष माणसाच्या सुटकेसाठी तब्बल पंधरा वर्षे वाट पाहावी लागली.