र. धों. कर्वे : लैंगिक प्रश्नांना उत्तरे देणारा संपादक

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ (१८८२–१९५३) हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी संततिनियमन केंद्र सुरू केले. या कामापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्र आणि आत वाचकांच्या लैंगिक शंकांची शास्त्रीय उत्तरे असत. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही २०० रुपये दंड झाला. पत्नी मालतीबाईंच्या साथीने कर्वे यांनी मासिक मृत्यूपर्यंत चालवले. त्याआधी वर्षभर, १९५२ मध्ये, कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला होता.