‘ॲटम’च्या जनकाचा महागात पडलेला सौदा

१ जानेवारी १९६३. नववर्षदिनाच्या संध्याकाळी जपानमधील फुजी टेलिव्हिजनच्या पडद्यावर पायांतून ज्वाळा सोडत आकाशात झेपावणारा एक यंत्रबालक अवतरला. ‘तेत्सुवान आतोमु’ हे त्या मालिकेचे नाव. पुढे जगाने तिला ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून ओळखले. अर्ध्या तासाची ही साप्ताहिक मालिका ३१ डिसेंबर १९६६ पर्यंत चालली आणि तिचे १९३ भाग प्रसारित झाले. जपानी ॲनिमेचा दूरचित्रवाणीवरील सारा डोलारा ज्या पायावर उभा राहिला, तो पाया त्या संध्याकाळी घातला गेला. त्या पायातील भेगाही तेव्हाच्याच.

हा पाया घालणारे ओसामु तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळील तोयोनाका येथे झाला. बालपण गेले ते ताकाराझुका गावात. केवळ स्त्री-कलावंतांच्या संगीत नाटकांसाठी हे गाव प्रसिद्ध. आईचे बोट धरून पाहिलेली ती नाटके आणि वडिलांच्या घरगुती प्रोजेक्टरवर भिंतीवर उमटणारे डिस्ने व चॅप्लिन यांचे चित्रपट, या दोन गोष्टींनी त्यांच्या दृष्टीला वळण दिले. तिसरे वेड कीटकांचे. एका भुंग्याच्या जपानी नावाशी आपले नाव जुळते हे लक्षात येताच त्यांनी स्वतःच्या नावात ‘कीटक’ या अर्थाचे अक्षर जोडले आणि आयुष्यभर तीच सही केली.

युद्धाच्या अखेरच्या वर्षी कारखान्यातील सक्तीच्या कामावर असताना ओसाकावरील बॉम्बवर्षावातून ते थोडक्यात बचावले. त्याच वर्षी बेचिराख होत चाललेल्या शहरातील एका चित्रपटगृहात त्यांनी ‘मोमोतारो’ हा लांबीचा ॲनिमेशनपट पाहिला. चित्रपट नौदलाच्या प्रचारासाठी काढलेला होता. परंतु या किशोराला त्यात प्रचारापेक्षा हलत्या चित्रांचे काव्य अधिक दिसले. आपणही एक दिवस असा चित्रपट काढायचा, हा निश्चय तेथला.

त्या निश्चयाला हात लावायला मात्र सोळा वर्षे लागली. मधल्या काळात ते ओसाका विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकले, डॉक्टर झाले, पण दवाखाना कधीच थाटला नाही. वैद्यकी की चित्रे, या पेचात आईने मनापासून आवडेल तेच करण्याचा कौल दिला होता. १९४७ मधील ‘शिन ताकाराजिमा’ या चित्रकथेने त्यांना घराघरांत पोहोचवले. १९५० मध्ये सिंहाच्या छाव्याची ‘जंगल ताइतेई’ आणि १९५२ मध्ये ‘ॲटम’ सुरू झाली. अपघातात गेलेल्या मुलाच्या जागी शास्त्रज्ञ बापाने घडवलेला यंत्रमानव. तो वाढत नाही म्हणून बापानेच त्याला सर्कशीला विकून टाकले, ही ॲटमची कथा. मुलांसाठीच्या मासिकात ती छापून येत होती, तरी तिच्या मुळाशी इतके कठोर दुःख आहे.

१९६१ मध्ये तेझुका यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. तिचे नाव मुशी प्रॉडक्शन, म्हणजे पुन्हा कीटकच. दर आठवड्याला अर्ध्या तासाचे ॲनिमेशन ही तेव्हा अशक्य कोटीतील गोष्ट मानली जात होती. पूर्ण ॲनिमेशनला सेकंदाला बारा ते चोवीस चित्रे लागतात. तेझुका यांनी ती आठवर आणली. पात्र बोलताना फक्त ओठ हलायचे, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकायचा, उड्डाणाची वा धावण्याची चित्रे जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरली जायची. कथा वेगवान असली, की प्रेक्षक हालचालींचा हिशेब मागत नाहीत हे त्यांनी ओळखले होते.

खरी चूक चित्रांच्या संख्येत नव्हती, किमतीत होती. पुरस्कर्त्यांना परवडावे आणि स्पर्धकांनी धजावू नये म्हणून त्यांनी प्रत्येक भाग खर्चापेक्षा कितीतरी कमी दराला दिला. तूट भरून निघायची ती चित्रकथांच्या मानधनातून, परदेशी विक्रीतून आणि ॲटमचे चित्र वापरण्याच्या हक्कांतून. मेइजी कंपनीच्या चॉकलेटसोबत मिळणाऱ्या ॲटमच्या चिकटचित्रांनी तर मुलांना वेड लावले. स्पर्धक मात्र धजावलेच, आणि वाहिन्यांनी तोच दर सर्वांना लावला. पुढे या क्षेत्रातील चित्रकारांनी पिढ्यानपिढ्या अल्प मोबदल्यात रात्री जागवल्या, त्याचा दोष अनेकांनी तेझुका यांच्या माथी मारला. हायाओ मियाझाकी यांनी तर त्यांच्या निधनानंतर लगेचच तो जाहीरपणे मारला. सारा दोष एकट्याचा म्हणणे अन्यायाचे होईल. दर वाढवायला पुढच्यांचे हात कोणी बांधले नव्हते. पण सुरुवात त्यांची, हेही खरे.

स्वस्ताईचा पहिला फटका त्यांनाच बसला. १९७१ मध्ये ते संस्थेच्या अध्यक्षपदावरून दूर झाले आणि १९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शनचे दिवाळे निघाले. तेझुका संपले, असे बोलले जाऊ लागले. त्याच वर्षी विनापरवाना शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची ‘ब्लॅक जॅक’ ही चित्रकथा घेऊन ते परतले. मागे पडलेली वैद्यकी अशी उपयोगी आली. सिद्धार्थ गौतमाच्या जीवनावरील ‘बुद्ध’ही याच काळातले, १९७२ ते १९८३ असे अकरा वर्षे चाललेले.

मुशीतून बाहेर पडलेल्या माणसांनी मॅडहाउस आणि सनराइज या संस्था उभ्या केल्या. १९९८ मध्ये केवळ ॲनिमेला वाहिलेली ‘ॲनिमॅक्स’ ही सशुल्क वाहिनी जपानमध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या भागीदारांत सनराइजही होती. २००४ मध्ये ही वाहिनी केबलवरून भारतातही आली. ते पाहायला तेझुका नव्हते. पोटाच्या कर्करोगाने ९ फेब्रुवारी १९८९ रोजी तोक्योत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते साठ वर्षांचे होते. रुग्णशय्येवरही त्यांचे चित्र काढणे सुरू होते आणि तीन चित्रकथा अपुऱ्या राहिल्या.

अपुरा राहिला तो एक चित्रपटही. चायकोव्हस्की यांच्या चौथ्या सिंफनीवर बेतलेल्या ‘वनाची आख्यायिका’चे दोनच भाग १९८७ मध्ये पूर्ण झाले होते. त्यातील अखेरच्या भागात वनदेवता व प्राणी संपूर्ण ॲनिमेशनच्या लयीत डोलतात, आणि जंगल तोडायला आलेली माणसे हलतात ती मोजक्या चित्रांच्या, दूरचित्रवाणीच्या स्वस्त पद्धतीने. उरलेल्यांपैकी एक भाग त्यांचे पुत्र माकोतो यांनी २०१४ मध्ये पूर्ण केला.