वाट तपासणारा पुरुष : चिंतामणराव देशमुख

रायगडाच्या परिसरातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुख यांचा जन्म झाला. १९१८ साली ते आय. सी. एस. परीक्षेत सर्वप्रथम आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. अधिकाराच्या शिखरावर असता आपली वाट पुन्हा तपासून पाहणे फार थोड्यांना साधते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय होताच १९५६ मध्ये चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले.

पद गेले, कार्य सरले नाही. त्यांनी शिक्षणक्षेत्राची कास धरली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते अध्यक्ष झाले. १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. याच नगरीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीतही त्यांचा मोलाचा वाटा होता. संस्कृतचा व्यासंग आयुष्यभर सांभाळून त्यांनी मेघदूत मराठीत आणले. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पराभव पत्करला. १९७४ मध्ये आत्मचरित्रातून आयुष्याचा ताळेबंद मांडला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेस त्यांचे निधन झाले.

नोकरीनिमित्त दिल्लीत स्थिरावलेल्या आम्हां मराठी जनांनी स्वतःच्या वाटचालीचा असा ताळेबंद अधूनमधून मांडावा, हेच त्यांचे उचित स्मरण होय.