एटीपी शोधणारे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

एटीपी म्हणजे पेशीचे ऊर्जाचलन, ही व्याख्या मुलं पाठ करतात आणि पुढे जातात. पण ते शोधणाऱ्यांत एक भारतीय डॉक्टर होता, हे किती जणांना माहीत असतं?

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमावरम येथे झाला. घरची गरिबी. त्यात दोन भाऊ स्प्रू या आजाराने गेले. या आजारात खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त कमी होत जातं. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते बोस्टनला गेले. पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीची कामंही केली.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी १९२५ मध्ये शरीरातील फॉस्फरस मोजण्याची सोपी पद्धत दिली. मोजमाप हाती आल्यावर स्नायूंत दोन नवे पदार्थ सापडले: १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमन यांनाही स्वतंत्रपणे एटीपी मिळाले. एटीपीत तीन फॉस्फेट असतात. पाण्याशी क्रिया होऊन शेवटचा फॉस्फेट सुटला की पेशीला ऊर्जा मिळते. अन्नातल्या ऊर्जेने तो पुन्हा जोडला जातो. आपण हात उचलतो तो याच देवघेवीवर.

एवढं करूनही हार्वर्डमध्ये कायम नोकरी मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांच्या चमूने १९४५ मध्ये फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केलं. पेशी विभागताना नवा डीएनए बनवायला ते लागतं. ते कमी पडलं की रक्तपेशी नीट तयार होत नाहीत. स्प्रूच्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला. भाऊ मात्र केव्हाच गेले होते.

आता गंमत बघा. कर्करोगाच्या पेशीही विभागतात, म्हणजे त्यांनाही फॉलिक आम्ल हवंच! मग त्याच्यासारखाच दिसणारा, पण काम अडवणारा रेणू दिला तर? असा रेणू, ॲमिनोप्टेरिन, याच चमूने बनवला. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी तो रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिला आणि काहींचा आजार काही काळ मागे हटला. त्याच जातीचं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव गेले. हत्तीरोगासाठी आपल्याकडे वाटली जाणारी डीईसी गोळीही त्यांच्याच प्रयोगशाळेतली. एटीपीचा धडा घेताना फळ्यावर आकृतीशेजारी हे नावही लिहूया.